कोरडा गेलेला बोअर आणि दुरून येणारी ऊब

म्युनिकमधील आमच्या इमारतीच्या तळघरात, सायकली ठेवण्याच्या जागेला लागून, एक कुलूपबंद खोली आहे. येथे राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी हाउसमायस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्या गृहस्थांना, बॉयलर कोठे आहे असे विचारले, तेव्हा त्यांनी ती खोली उघडून दाखवली. आत बॉयलर नव्हता, तेलाची टाकी नव्हती आणि धुराडेही नव्हते. जाड आवरण घातलेले दोन नळ भिंतीतून आत आले होते आणि कपाटाएवढ्या एका लोखंडी चौकटीपाशी संपले होते. एका नळातून रस्त्याखालचे गरम पाणी येते, चौकटीतील पातळ पत्र्यांच्या एका बाजूने वाहत आपली उष्णता दुसऱ्या बाजूच्या, आमच्या इमारतीच्या पाण्याला देते आणि निवून दुसऱ्या नळाने परत जाते. दोन्ही पाणी एकमेकांत कधीच मिसळत नाही. या व्यवस्थेला जर्मन भाषेत ‘फेर्नवेर्मे’ म्हणतात, म्हणजे शब्दशः दुरून येणारी ऊब. ती नेमकी किती दुरून येते, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे, आणि अलीकडे त्याचे उत्तर आडव्या अंतरापेक्षा उभ्या अंतरात जास्त शोधावे लागते, असे माझ्या लक्षात आले आहे.

मी पेशाने यंत्र अभियंता आहे, भूगर्भशास्त्राचा अभ्यासक नव्हे, हे आधीच सांगतो. परंतु म्युनिकमध्ये राहणाऱ्या माणसाला भूगर्भाची थोडी ओळख झाल्यावाचून राहत नाही, कारण हे शहर एका मोठ्या गरम पाण्याच्या साठ्यावर वसलेले आहे. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस मोलासे नावाचे खोरे आहे. पर्वत उंचावत असताना त्याची झीज होऊन आलेला गाळ येथे थरांवर थर साचत गेला आणि त्याखाली ज्युरासिक काळातील चुनखडीचा एक थर दबला गेला, ज्याला माल्म म्हणतात. या चुनखडीत भेगा आणि पोकळ्या आहेत, त्यांत पाणी आहे, आणि खोलीनुसार ते तापलेले आहे. हा थर उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे आल्प्सच्या दिशेने, खाली उतरत जातो. म्हणूनच म्युनिकच्या ईशान्येकडील एर्डिंगमध्ये सुमारे ६५ अंश सेल्सियसचे पाणी मिळते, तर शहराच्या दक्षिण सीमेवरील उंटरहाखिंगमध्ये सुमारे ३,३५० मीटर खोलीवर १२२ अंशांचे पाणी लागले. रीम या उपनगरात २००४ पासून अशा पाण्याने घरे तापवली जातात, आणि झेंडलिंग भागातील वीज व उष्णता केंद्राच्या आवारात सहा विहिरी खोदून जर्मनीतील सर्वांत मोठ्या भूऔष्णिक केंद्रांपैकी एक उभे राहिले आहे. गरम पाणी वर काढायचे, त्याची उष्णता नळजालाला द्यायची आणि निवलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून त्याच थरात परत सोडायचे, अशी ही सरळ पद्धत आहे.

सरळ असली तरी तिच्यात जुगार आहे. पाणी लागले तर ती सरळ.

सांगली जिल्ह्यात जतकडे आमच्या शेतात वडिलांनी तीन बोअर मारले. पहिल्या वेळी गावातल्या पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून जागा दाखवली होती आणि नारळ उभा राहिला होता. चारशे फुटांपर्यंत यंत्र खाली गेले आणि शेवटपर्यंत वर फक्त धुरळा आला. ‘बोअर कोरडा गेला’ हे तीन शब्द आमच्या घरात त्या वर्षी कोणी मोठ्याने उच्चारत नसे, कारण फुटाप्रमाणे पैसे मोजावे लागतात आणि ते पाणी न लागल्यामुळे परत मिळत नाहीत. जर्मन खोदकामवाल्यांकडे याच भीतीसाठी ‘फुंडिग्काइट्सरिझिको’ असा लांबलचक शब्द आहे. म्हणजे खोदून हाती काही न लागण्याची जोखीम. मी तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तळहातावरचा नारळ आठवला.

गेरेट्सरीड हे म्युनिकच्या दक्षिणेकडचे छोटे शहर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील जंगलात दारूगोळ्याचे कारखाने लपवलेले होते, आणि युद्धानंतर पूर्व युरोपातून हुसकावलेल्या जर्मन भाषकांना तेथे वसवण्यात आले, त्यातून हे गाव वाढले. याच गावाच्या गेल्टिंग भागात २०१३ मध्ये माल्मपर्यंत साडेचार किलोमीटरहून खोल विहीर खोदली गेली. तापमान उत्तम मिळाले, सुमारे १६० अंश. पाणी मात्र पुरेसे नव्हते. २०१७ मध्ये त्याच विहिरीतून बाजूला फाटा काढून पुन्हा प्रयत्न झाला आणि तोही अपुरा पडला. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. दक्षिणेकडे थर जसजसा खोल जातो तसतसा तो तापतो, परंतु वरच्या ओझ्याखाली त्याच्या भेगा मिटत जातात. ज्या खोलीमुळे उष्णता मिळते तीच खोली पाणी हिरावून घेते. गेरेट्सरीडची विहीर फसली म्हणण्यापेक्षा तेथे ऊब होती आणि ती वर आणणारा वाहक नव्हता, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

येथे कॅनडातील कॅलगरी शहराची ईव्हॉर ही कंपनी आली. तिचे म्हणणे असे की, खडकात पाणी नसेल तर आपणच पाणी न्यावे, पण खडकात न सोडता बंद वाटेनेच फिरवून परत आणावे. याला क्लोज्ड लूप, म्हणजे बंद वलय म्हणतात. आल्बर्टा प्रांतात रॉकी माउंटन हाउस या गावाजवळ या कंपनीने २०१९ मध्ये एक चाचणी वलय बांधले होते. तेथे दोन उभ्या विहिरी सुमारे २.४ किलोमीटर खोल नेऊन खाली आडव्या बोगद्यांनी जोडल्या होत्या. गेरेट्सरीडचा बेत मात्र पुष्कळ मोठा आहे. सुमारे साडेचार किलोमीटर खोलीवर उभ्या विहिरींच्या तळातून हाताच्या बोटांसारख्या आडव्या शाखा काढायच्या, एका विहिरीची प्रत्येक शाखा दुसऱ्या विहिरीच्या शाखेला टोकाशी जोडायची, आणि अशी चार वलये करायची. एकूण खोदाई तीनशे किलोमीटरहून अधिक भरते. प्रत्यक्ष खोदाई जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तत्कालीन चॅन्सलर ओलाफ शोल्त्स स्वतः तेथे येऊन गेले. युरोपीय संघाच्या नवोन्मेष निधीतून या प्रकल्पाला ९ कोटी १६ लाख युरोंचे अनुदान मिळाले आहे, तर एकूण खर्चाचा अंदाज सुमारे ३५ कोटी युरोंचा आहे.

हे वलय म्हणजे एक उलटा रेडिएटर आहे. आमच्या खोलीतला रेडिएटर पाण्यातली ऊब खोलीला देतो, तर जमिनीखालचा हा रेडिएटर खडकातली ऊब पाण्याला देतो. दोन्हींत पृष्ठभाग जितका मोठा तितके काम चांगले, आणि म्हणूनच एवढ्या शाखा लागतात. खरी कसोटी होती ती जोडणीची. जमिनीखाली साडेचार किलोमीटरवर, दीडशे अंशांच्या आसपासच्या तापमानात, दोन बाजूंनी येणारी वीतभर व्यासाची भोके एकमेकांत नेमकी भेटली पाहिजेत. त्यासाठी एका शाखेत चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे साधन ठेवतात आणि दुसऱ्या शाखेतील उपकरण त्याचा माग काढत पुढे सरकते. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाने टाळीच्या आवाजावरून साथीदाराला शोधावे तसा हा प्रकार आहे. या आडव्या शाखांत पोलादी नळी घालत नाहीत, कारण एवढ्या लांबीची नळी परवडणारी नाही आणि ती उष्णतेच्या मार्गातला आणखी एक थर ठरेल. त्याऐवजी खोदताना वापरल्या जाणाऱ्या द्रवातच असे रसायन मिसळतात की, जे भोकाच्या भिंतीतील बारीक छिद्रे बुजवून टाकते.

या योजनेतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र फार जुनी आहे. थंड पाणी जड असते आणि गरम पाणी हलके असते, एवढेच तिच्यामागचे शास्त्र आहे. समजा एका विहिरीत ४० अंशांचे पाणी उतरते आहे आणि दुसऱ्या विहिरीतून १२० अंशांचे पाणी चढते आहे. त्यांच्या घनतेत दर घनमीटरमागे सुमारे ५० किलोचा फरक पडतो. साडेचार किलोमीटर उंचीच्या दोन स्तंभांत हा फरक साठत जाऊन सुमारे २० बार दाबाचा होतो, म्हणजे दोनशे मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीने द्यावा तेवढा. एकदा पंपाने ढकलून प्रवाह सुरू करून दिला की पुढे तो स्वतःच्याच तापमानाच्या जोरावर फिरत राहतो. पारंपरिक विहिरींत खोलवर बसवलेले पंप बरीच वीज खातात, बिघडतात आणि दुरुस्तीसाठी सगळा नळ वर काढावा लागतो. येथे तो व्याप नाही.

आता अडचणीकडे येतो, कारण या विषयावरचे उत्साही लेखन येथे हमखास घाईने पुढे सरकते. खडक उष्णतेचा अत्यंत कंजूष वाहक आहे. सच्छिद्र थरातील पाणी स्वतः वाहत येऊन दूरदूरची उष्णता विहिरीपर्यंत आणते, तर बंद वलयाला भोकाच्या भिंतीला जेवढी ऊब खडकातून झिरपत येईल तेवढ्यावरच भागवावे लागते. खडकात गारवा किती वेगाने पसरतो याचा साधा हिशेब मांडला तर पहिल्या वर्षात तो भोकापासून पाच-सहा मीटर जातो आणि तीस वर्षांत सुमारे तीस मीटर. म्हणजे वेळ तीसपट झाली तरी अंतर सहापटीहून कमीच वाढते. याचाच दुसरा अर्थ असा की, सुरुवातीचे काही महिने वलय भरघोस उष्णता देते, नंतर भोकालगतचा खडक निवतो आणि उत्पादन उतरत जाऊन एका संथ पातळीवर येते. त्यामुळे कोणत्याही चाचणीचे पहिल्या काही आठवड्यांतले आकडे पाहून मत बनवू नये. गेरेट्सरीडची चारही वलये मिळून जास्तीत जास्त ६४ मेगावॉट उष्णता अपेक्षित आहे. तीनशेहून अधिक किलोमीटरमध्ये ती वाटली तर दर मीटरला सुमारे दोनशे वॅट येतात. जुन्या काळचे शंभर वॅटचे दोन दिवे पेटावेत एवढीच ऊब, आणि तेवढ्यासाठी साडेचार किलोमीटर खोलीवरचा एक मीटर खडक कोरायचा.

हा कंजूषपणा ज्यांनी पुरता हिशेबात धरला नाही त्यांना तो महागात पडला आहे. बंद पद्धतीचा सोपा प्रकार म्हणजे एकच खोल विहीर घेऊन तिच्यात नळीच्या आत दुसरी नळी घालणे, म्हणजे थंड पाणी बाहेरच्या फटीतून खाली जाते आणि तापून आतल्या नळीतून वर येते. स्वित्झर्लंडमधील वेगिस या गावात सुमारे २.३ किलोमीटर खोलीची अशी विहीर १९९० च्या दशकापासून काही घरांना ऊब देत आली आहे, पण तिची मजल तेवढीच. जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने २००४ मध्ये आपल्या एका नव्या इमारतीसाठी सुमारे अडीच किलोमीटर खोल अशीच विहीर खोदली. तेथे आतल्या नळीने दगा दिला आणि वर येणारे पाणी इमारतीला हवे तेवढे गरम राहिले नाही. अखेर तो प्रयोग गुंडाळावा लागला. वर चढणारे गरम पाणी आणि खाली उतरणारे थंड पाणी एकाच विहिरीत शेजारी शेजारी असतील तर ते वाटेतच एकमेकांशी देवघेव करतात. ईव्हॉरची दोन विहिरींची रचना निदान हा दोष टाळते.

‘पृथ्वीच्या पोटातली ऊब अक्षय आहे’ हे वाक्यही थोडे तपासून घेतले पाहिजे. पृथ्वीच्या आतून जमिनीच्या पृष्ठभागाकडे सतत येणारा उष्णतेचा ओघ दर चौरस मीटरला सरासरी ६५ मिलिवॅटच्या आसपास असतो. केवळ या ओघावर ६४ मेगावॉट मिळवायचे म्हटले तर जवळपास एक हजार चौरस किलोमीटर जमिनीखालचा सगळा ओघ गोळा करावा लागेल, म्हणजे बृहन्मुंबईच्या दीडपटीहून अधिक क्षेत्राचा. त्यामुळे येथे रोजचा ओघ वापरला जात नसून लाखो वर्षांत साठलेली ठेव काढली जाते, हे मान्य केलेले बरे. ठेव मात्र प्रचंड आहे. एक घनकिलोमीटर खडक फक्त एका अंशाने निवला तरी सहाशे गिगावॉट-तासांहून अधिक उष्णता मोकळी होते, आणि ६४ मेगावॉटचे केंद्र वर्षभर अखंड चालले तरी त्याला ५६० गिगावॉट-तासच लागतात. कोठार भरलेले आहे आणि त्याचे दार अरुंद आहे. सगळा खर्च त्या दाराचा.

मग एवढ्या कष्टाने मिळवलेल्या उष्णतेचे करायचे काय, यावर माझे मत ठाम आहे आणि ते या प्रकल्पाच्या आजवरच्या क्रमाशी पूर्णपणे जुळत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये गेरेट्सरीडच्या पहिल्या वलयातून सार्वजनिक ग्रीडला वीज गेली आणि त्याच्या बातम्या झाल्या. आनंदच वाटला. परंतु १२० अंशांच्या आसपासच्या पाण्यापासून वीज करताना निसर्गनियमच आडवा येतो. चार वलयांचे ६४ मेगावॉट उष्णतेत मोजले तर विजेत ते ८.२ मेगावॉट होतात, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा, आणि बाकीची उष्णता हवेत जाते. तीच उष्णता नळजालाला दिली तर जवळजवळ सगळी वापरात येते, कारण घरे तापवायला शंभर अंशांच्या आसपासचे पाणी पुरते. तरीही आधी वीज का, याचे उत्तर व्यवहारात आहे. जर्मन कायद्यानुसार भूऔष्णिक विजेला दर युनिटला सुमारे २५ सेंट असा निश्चित दर मिळतो आणि विजेची तार कोठेही जोडता येते. उष्णतेला गिऱ्हाईक जवळ लागते. त्याच्यापर्यंत नळ न्यायचे तर रस्ते उकरावे लागतात, आणि प्रत्येक घरमालकाला आपला गॅसचा बॉयलर सोडायला राजी करावे लागते. २०२२ मध्ये रशियन वायूचा पुरवठा आटल्यावर लोकांचे मन थोडे वळले. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना ३० जून २०२६ पर्यंत आणि इतर गावांना ३० जून २०२८ पर्यंत आपली उष्णता-योजना तयार करणे बंधनकारक केले. त्या योजना कागदावरून रस्त्याखाली उतरेपर्यंत विजेचे उत्पन्न हा पूल आहे, असे मी समजतो.

किमतीचे गणितही याच कारणाने अवघड आहे. ३५ कोटी युरो भागिले ६४ मेगावॉट केले तर उष्णतेच्या एका किलोवॉटमागे सुमारे साडेपाच हजार युरो येतात. जेथे माल्ममध्ये पाणी भरपूर आहे तेथे हे वलय घेऊन कोणी जाऊ नये. तेथे दोन साध्या विहिरी पुरेत. वलयाचे स्थान तेथे आहे जेथे खडक गरम आणि कोरडा आहे, वर दाट वस्ती आहे, आणि जमिनीला धक्का लावणे कोणाला परवडणारे नाही. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात डिसेंबर २००६ मध्ये कोरड्या खडकात दाबाने पाणी सोडून भेगा रुंद करण्याचा प्रयोग सुरू होता, तेव्हा ३.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पुढे तो प्रकल्प रद्द करण्यात आला. बंद वलयात खडक फोडायचा नसतो आणि त्यात दाबाने पाणीही सोडायचे नसते, त्यामुळे ही भीती पुष्कळच कमी होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची कोयनेची आठवण आमच्या आईकडून ऐकलेल्या मला, पाणी आणि भूकंप यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सुट्टीत सांगलीला गेलो की मित्र विचारतात, हे आपल्याकडे का नाही? आपल्याकडे घर तापवण्याची गरज नाही, हे पहिले उत्तर. दख्खनचे खडक जुने असून तुलनेने थंड आहेत, म्हणून तेवढ्याच तापमानासाठी अधिक खोल जावे लागेल, हे दुसरे. कोकणात वज्रेश्वरी, राजवाडी, उन्हवरे येथे गरम पाण्याचे झरे आहेत. उन्हवरे या नावातच ऊन पाणी आहे. पण ते झरे म्हणजे भेगांतून वर येणारे पाणी, आणि जेथे पाणी स्वतःहून वर येते तेथे वलयाचा खटाटोप कशाला करायचा? लडाखमधील पुगा खोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे थंडीही आहे आणि उथळ खोलीवर उष्णताही आहे.

आमच्या तळघरातील त्या खोलीत दोन्ही नळांवर तापमापक आहेत. गेल्या जानेवारीत मी पाहिले तेव्हा येणारे पाणी ९० अंशांवर होते आणि परत जाणारे ६०. परतीचे पाणी ५० अंशांवर आणता आले तर त्याच पाण्याच्या दर लिटरमागे एक तृतीयांश अधिक उष्णता आपण वापरली असे होते, आणि खडकाकडे परत जाणारे पाणी जितके थंड तितकी त्याची ऊब घेण्याची ताकद अधिक. कोट्यवधी युरो खर्चून जमिनीखाली आणखी शाखा काढण्याआधी इमारतींतील रेडिएटरच्या चाव्या नीट जुळवून घेणे फार स्वस्त पडते. घरमालकांच्या ऑक्टोबरमधील बैठकीच्या विषयपत्रिकेत मी हा मुद्दा घातला आहे. तिसऱ्या मजल्यावरील आजींनी जिन्यात थांबवून आतापासूनच विचारले आहे की, त्यामुळे त्यांची न्हाणीघरातली ऊब कमी होणार नाही ना.